मुळ्ळय्यनगिरीवर वाजलेली शिट्टी

मी एक शिट्टी बोलतेय. पितळेची, वर निकेलचा मुलामा, पोटात बुचाची वाटाण्याएवढी गोळी. दुसऱ्यानं फुंकल्याशिवाय माझ्यातून आवाज निघत नाही. जन्मभर दुसऱ्याच्या श्वासावर जगायचं म्हटल्यावर स्वभाव घाबरट होणारच. समोरच्याचा दम पुरेल ना, वेळेवर येईल ना, याचीच मला सारखी धास्ती.

संतपुरात वीरण्णाअप्पांनी डोंगर चढल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. अप्पा ती फार रंगवून सांगतात. पण ते सांगतात त्या गोष्टीत मधला अर्धा तास नाही. त्या अर्ध्या तासात मी होते. म्हणून आज कुणी न फुंकता बोलतेय.

माझा जन्म उत्तरेकडच्या कुठल्याशा कारखान्यातला. दोन अर्धी डाख देऊन जोडली, पोटात गोळी टाकली, एका माणसानं फुंकून पाहिलं आणि खोक्यात टाकलं. त्या खोक्यातून मी बिदरला आले, खाकी कापड, पट्टे आणि बिल्ले विकणाऱ्या एका दुकानात. काचेच्या कपाटात बरेच महिने पडून होते. एके दिवशी एक बाई आली. उंच, सावळी, केस घट्ट बांधलेले. तिनं चार-पाच शिट्ट्या हातात घेऊन वजन पाहिलं आणि मला उचललं. दुकानदार म्हणाला, "साहेबांसाठी का?"

"न्हाई, मलाच," ती म्हणाली. "कंडक्टर हाय मी."

तीच सुधारानी. संतपूरची सून. नवरा वीरेश शेती बघायचा, सासू वारलेली, घरात सासरे वीरण्णाअप्पा. औराद ते बिदर या गाडीवर तिची ड्यूटी लागली आणि मी तिच्या खाकी शर्टाच्या खांद्याला लाल दोरीनं अडकले.

आमच्या गाडीत घंटेचं काम मी करायची. एक शिट्टी वाजली की गाडी थांबायची, दोन वाजल्या की निघायची. एवढीच माझी भाषा. पण त्या एक-दोनवर पन्नास-साठ माणसांचे जीव असतात हो! कुणाचा एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर असताना दोन वाजल्या तर? सुधा दोन मारायच्या आधी मान बाहेर काढून बघायची, मगच श्वास घ्यायची. तरी प्रत्येक वेळी माझी गोळी थरथरायचीच.

माणसांच्या तऱ्हा मी दारातून पाहिल्या. स्टॉप यायच्या आधीच दोन फर्लांग उठून दारात येणारे. आपल्या शेताच्या बांधाशीच गाडी थांबावी म्हणून भांडणारे. बायांना प्रवास फुकट झाल्यापासून माहेरी जाणाऱ्यांची तर जत्राच. त्या गर्दीत सुधा घामानं निथळत उभी असायची आणि दुसऱ्या कुणाकडं द्यायची नाही म्हणून मला ओठांत धरूनच तिकिटं द्यायची.

सुरुवातीला गावात कुजबुज झाली. वीरण्णाची सून दिवसभर परक्या माणसांत उभी राहते, दारात लोंबकळते. अप्पांनी कुणाला उत्तर दिलं नाही. त्यांनी फक्त पहिला महिनाभर रोज सकाळी सुनेच्या गाडीत बसून बिदरपर्यंत जायचं आणि त्याच गाडीनं परत यायचं सुरू केलं. तिकीट काढून. तिकिटाची घडी टोपीत. मशागतीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या आवाजानं म्हणा की वयानं, त्यांचा डावा कान गेलेला. म्हणून ते दाराजवळच्या सीटवर उजवा कान माझ्याकडं करून बसायचे. कुणी सुधाशी आवाज चढवून बोललं की अप्पा त्याच्याकडं बघत राहायचे. तो माणूस आपोआप गप्प व्हायचा. महिना संपला, कुजबुज संपली, पण अप्पांना सवय लागली. बाजाराचा दिवस असो नसो, आठवड्यातून दोनदा त्यांची फेरी ठरलेली.

आता डोंगराचं सांगते.

सुधाची ट्रेनिंगमधली मैत्रीण नेत्रावती. ती चिक्कमगळूरूकडची, तिकडंच कंडक्टर. दोघी कन्नडमधून फोनवर तासनतास बोलायच्या. नेत्रावती प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायची, "आमचा मुळ्ळय्यनगिरी बघायला कधी येतेस?" मुळ्ळय्यनगिरी म्हणजे कर्नाटकातलं सगळ्यांत उंच शिखर. सुट्टीच्या दिवशी तिथं गाड्यांची रांग लागते म्हणे. सुधा हसून सोडून द्यायची. तीन वर्षांपूर्वी, पावसाळा सरल्यावर, तिला एकदम चार दिवस रजा मिळाली. वीरेशची सोयाबीन काढणी चाललेली, त्याला जमणार नव्हतं. तो म्हणाला, "एकटी कशी जातीस एवढ्या लांब?"

अंगणात बसलेले अप्पा म्हणाले, "मी जातो की संगं."

वीरेश हसायला लागला. "तुमी? तिथं डोंगूर चढायचा हाय अप्पा. अडुसष्ट वय हाय तुमचं."

"सपाट रानात जल्म गेला माझा. कडब्याच्या गंजीपरीस उंच कशावर चढलो न्हाई. उंचावरनं कसं दिसतंय ते एकदा बघतो."

"तिथं देऊळ हाय वर, दर्शन बी होईल," सुधा म्हणाली.

अप्पांनी छातीवरच्या चांदीच्या डबीला हात लावला. तिच्यात त्यांचं इष्टलिंग असतं. "देव इथं गळ्यात हाय. मी डोंगूर बघाया चाललोय."

निघताना वीरेशनं सुधाला बाजूला घेतलं. "त्यांच्यावर नजर ठेव. तुझ्या भरवशावर सोडायलोय," तो म्हणाला. सुधानं मान हलवली. मग आत जाऊन खाकी शर्टाच्या खांद्यावरून मला सोडवलं आणि पिशवीत टाकलं. का टाकलं, तिलाही ठाऊक नसावं. नोकरीच्या माणसाचा हात सवयीनं चालतो.

बिदरहून रेल्वे, मग बस. तिसऱ्या दिवशी सकाळी नेत्रावती आम्हाला सर्पधारीला, डोंगर पायी चढायच्या वाटेला घेऊन आली. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, शेवटी पायऱ्या आहेत. पण नेत्रावती म्हणाली, डोंगर बघायचा तर पायांनी. अप्पांनी धोतर खोचलं, नवे कॅनव्हासचे बूट घातले, वाटेतून एक काठी उचलली आणि चालू लागले.

त्यांचं चालणं मी पिशवीच्या तोंडातून बघत होते. शेतातला माणूस तासामागून तास चालतो तसं, ना घाई ना थांबणं. शहरातली पोरं-पोरी मोबाईलवर गाणी लावत धावत पुढं जायची, मग दगडावर बसून धापा टाकायची. अप्पा त्यांच्या शेजारून तसेच पुढं. एका पोरीनं विचारलं, "तात्या, दमला नाही का?" ती डाव्या बाजूला होती, अप्पांना त्या कानानं ऐकू आलं नाही. ते तिला हात उंचावून आशीर्वाद देऊन गेले. सुधा आणि नेत्रावती हसून हसून वाटेत बसल्या.

दोन्ही बाजूंना गवत, गुडघ्याएवढं, वाऱ्यानं एकाच दिशेला झोपलेलं. खाली कॉफीचे मळे. वर चढावं तसा वारा गार होत गेला. सुधा दर वळणावर विचारायची, "अप्पा, बसायचं का? छातीत काही होतंय का?" अप्पा वैतागले. "तू गाडीत प्रत्येक माणसाला असं इचारतीस का गं?"

शिखरावर पोचलो तेव्हा ऊन पडलेलं. ढग खाली होते. देवळाच्या कट्ट्याशी उभे राहून अप्पांनी चारी दिशांना बघून घेतलं. मग म्हणाले, "आपलं संतपूर कुण्या बाजूला?" सुधानं अंदाजानं उत्तरेकडं बोट दाखवलं. अप्पांनी त्या बाजूला तोंड करून टोपी काढली, परत घातली. का, ते कुणी विचारलं नाही.

मग धपाटे निघाले, शेंगाची चटणी निघाली. नेत्रावतीनं घरून कॉफी आणली होती. अप्पांनी तीन धपाटे खाल्ले आणि म्हणाले, "सुधा, तुझ्या सासूला आणायला पायजे होतं." सुधाच्या डोळ्यांत पाणी आलं. पिशवीत हात घालून पदार्थांचे डबे ठेवताना तिनं मला क्षणभर मुठीत धरलं होतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा दिवस तोच. इथपर्यंत अप्पा सगळ्यांना सांगतात.

पुढचं ते सांगत नाहीत.

उतरायची वेळ झाली. नेत्रावतीला डेपोतून फोन आला, ती रेंज शोधत पायऱ्यांच्या बाजूला गेली. तेवढ्यात सुधाचाही फोन वाजला. वीरेश होता. "कसे हायत अप्पा?" सुधा कौतुकानं सांगू लागली, तीन धपाटे खाल्ले, एकदा बी बसले न्हाईत. अप्पांनी तिला खुणेनं सांगितलं, मी जरा पुढं होतो, हळूहळू. तिनं मान हलवली. बोलणं पाच मिनिटं चाललं असेल. त्या पाच मिनिटांत ढग वर आला.

ढग येताना दिसत नाही. आधी खालचे मळे गेले, मग गवत गेलं, मग देऊळ. सुधा फोन बंद करून वळली तेव्हा तिला स्वतःचे पाय दिसत होते आणि पुढं पांढरं.

"अप्पा!"

उत्तर नाही. ती वाटेनं उतरू लागली. खालून दोन पोरं वर येत होती. "धोतरातले आजोबा दिसले का?" पोरं म्हणाली, नाही, वाटेत कुणीच नाही भेटलं. सुधाचा हात माझ्यावर आला तेव्हा तिची बोटं बर्फासारखी होती.

मागून नेत्रावती धावत आली. थोड्या अंतरावर वाटेला एक फाटा फुटत होता, गवतात जेमतेम दिसणारा. गुराख्यांनी केलेली वाट असावी. त्या फाट्याकडं बघून नेत्रावतीचा चेहरा उतरला. "अक्का, त्या बाजूला पुढं काही नाही. गवत संपलं की कडाच आहे."

सुधानं मला तोंडात धरलं आणि फुंकलं. किती जोरात! दोनदा, परत दोनदा, परत दोनदा. वाजवायची सवयच तशी, आमच्या दोन-दोन शिट्ट्या त्या पांढऱ्यात घुसत गेल्या. आणि लांबून आवाज आला, "आलो, आलो!"

माझा जीव भांड्यात पडला. सुधानं परत दोन मारल्या. "आलो!" आवाज आला, पण या वेळी डावीकडून आणि जास्त लांबून. परत दोन. "आलो!" आणखी लांब.

नेत्रावतीनं तिचा दंड धरला. "थांब. ते चालतायत. पण आपल्याकडं नाही."

सुधानं मला ओठांतून काढलं; आता तिच्या ध्यानात आलं. एकाच कानानं ऐकणाऱ्या माणसाला आवाज कुठून येतोय ते कळत नाही. जिकडून ऐकू येईल असं वाटेल तिकडं ते निघणार. आणि ती त्यांना दोन-दोन शिट्ट्या मारत होती. बारा वर्षं सुनेच्या गाडीत दोन म्हणजे काय, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. चला, निघा. प्रत्येक वेळी तीच त्यांना पुढं ढकलत होती. ती आणि मी.

तिनं मला परत ओठांत धरलं. एकच, लांब मारायची. तिनं फुंकलं आणि माझ्यातून नुसती हवा गेली. फुस्स.

धुक्याच्या ओलाव्यानं आणि तिच्याच श्वासानं माझी गोळी फुगून अडकली होती. मी आतून किती धडपडले, सांगता येत नाही. सुधानं मला तळहातावर आपटलं. एकदा, दोनदा. मुठीत घेऊन तोंडाची वाफ दिली. लांबून आवाज आला, "सुधा, कुठं हाईस गं?" आणि तो आवाज अजून चालत होता. तिनं मला परत आपटलं. गोळी सुटली.

तिनं एक मारली. श्वास संपेपर्यंत, सगळा. इतकी लांब मी आयुष्यात वाजले नव्हते.

मग काही नाही. "आलो" नाही, पावलं नाहीत. ती शांतता मला अजून आठवते. थांबले, की गेले? दोन्हींचा आवाज सारखाच असतो. सुधाचे दात माझ्यावर कडकड वाजत होते. तिथं अजून दोन बारीक खाचा आहेत.

"अप्पा, हलू नका!" ती ओरडली.

आणि उत्तर आलं, स्पष्ट, एकाच जागेवरून. "उभा हाय!"

नेत्रावतीनं आपली ओढणी दोघींच्या मनगटाला गुंडाळली. ती पुढं, वाटेतून उचललेल्या एका काठीनं गवत चाचपत, पाय टाकायच्या आधी जमीन ठोकत. दर थोड्या वेळानं सुधा एक मारायची. तिकडून यायचं, "उभा हाय!" पाच-सहा वेळा असं झालं. मग धुक्यातून आधी टोपी दिसली, मग धोतर.

अप्पा काठी रोवून उभे होते, एक पाय पुढं टाकलेला, तसाच. त्यांच्यापुढं चार-पाच पावलं गवत होतं. मग नव्हतं.

सुधानं त्यांचा हात धरला आणि मागं ओढलं, जवळजवळ पाडलंच. सुरक्षित जागी आल्यावर ती ओल्या गवतात बसली आणि उठेना.

"काय झालं गं?" अप्पा म्हणाले. "तू एक मारलीस, मी थांबलो. एक मारली की गाडी थांबती."

"आन् आधी?"

"आधी दोन मारलीस. निघालो."

सुधा हसतेय की रडतेय ते मला कळेना. अप्पा तिच्याजवळ खाली बसले. तेवढ्यात वारा आला आणि समोरचं पांढरं क्षणभर फाटलं. खालपर्यंत सरळ दरी दिसली. अप्पांनी ती पाहिली. आपण कुठं उभे होतो ते पाहिलं. त्यांनी छातीवरची डबी मुठीत धरली. मग ते म्हणाले, "वीरेशला सांगू नको. परत मला कुठं सोडायचा न्हाई तो. आन् तुला बी."

तिनं मान हलवली. फोनवर बोलताना हलवली होती तशीच.

संतपूरला आल्यावर गोष्ट सुरू झाली. पारावर, गाडीत, कुणाच्या लग्नात. "ढग खाली आन् आपण वर! पिंजलेल्या कापसागत!" लोक ऐकायचे, पुन्हा सांगायला लावायचे. गाडीतला ड्रायव्हर तर म्हणायचा, अप्पा बसले की औरादपर्यंत डुलकी लागत नाही. गोष्ट उतरणीपर्यंत आली की अप्पा खोकायचे आणि म्हणायचे, "मग काय, उतरलो." त्या वेळी सुधा खिडकीबाहेर बघत मला घट्ट धरायची. तेव्हापासून ती दोन मारायच्या आधी एक क्षण जास्त थांबू लागली. प्रवासी ओरडायचे, "चला की मॅडम, उशीर व्हायलाय!" ती थांबायचीच.

गेल्या हिवाळ्यात तुरीची रास करताना अप्पांच्या छातीत धूळ गेली म्हणे. खोकला, मग ताप, मग बिदरचा दवाखाना. अकरा दिवस. तापात अप्पा सारखं एकच बोलायचे, "उभा हाय. उभा हाय, पोरी."

एका दुपारी वीरेश दवाखान्याच्या व्हरांड्यात सुधाला म्हणाला, "अप्पा असं कामून बोलायलेत? कुठं उभे हायत ते?"

सुधा ड्यूटीवरून तशीच आली होती. मी तिच्या खांद्यावर होते. तिनं सगळं सांगितलं. फोन, मान हलवणं, दोन शिट्ट्या, कडा. काही लपवलं नाही. वीरेश भिंतीला टेकून ऐकत राहिला.

"मी फोन केला म्हणून झालं ते?" शेवटी त्यानं विचारलं.

"न्हाई. मी बघितलं न्हाई म्हणून झालं."

"आन् दोन वर्सं तू मला सांगितलं न्हाईस."

तो उठून आत गेला. त्यानंतर कित्येक दिवस तो तिच्याशी बोलला नाही. चहा आणून तिच्या शेजारी ठेवायचा, पण बोलायचा नाही. मला वाटलं, डोंगरावर सगळे वाचलो ते आता इथं तुटणार.

अप्पा वाचले. पण श्वास तुटका झाला. अंगणातून पडवीत येईपर्यंत थांबावं लागायचं. डॉक्टरनं एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलं, तीन गोळ्यांचं. नळीतून श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. खरं सांगायचं तर मला त्याचा जरा हेवा वाटला. माझी एक गोळी, त्याच्या तीन. अप्पांनी ते दोनदा ओढलं आणि बाजूला ठेवलं. "हे लेकरांचं हाय. आवाज बी येत न्हाई ह्यातनं."

तेव्हा वीरेश सुधाजवळ आला. व्हरांड्यातल्या त्या दुपारनंतर पहिल्यांदा बोलला. "तुझी शिट्टी दे."

त्यानं लाल दोरी लांब करून मला अप्पांच्या गळ्यात घातलं. मी छातीवर, चांदीच्या डबीच्या शेजारी, थोडं अंतर राखून लोंबू लागले. अप्पांनी मला फुंकलं. फुस्स. परत फुंकलं. बारीकसा आवाज निघाला. पुढच्या खेपेला डॉक्टर हसले. म्हणाले, "ते ओढायचं आहे, ही फुंकायची आहे. दोन्ही करा आजोबा." अप्पा दोन्ही करू लागले. सुधानं स्वतःसाठी नवी शिट्टी घेतली. प्लॅस्टिकची, काळी. आवाज बरा आहे तिचा. मी एवढंच म्हणेन.

उन्हाळ्यात सुधाला बढती मिळाली. कंट्रोलर. पण कलबुर्गीला. तिनं घरात कागद दाखवला आणि म्हणाली, "मी न्हाई म्हणून कळवते. अप्पांना सोडून कसं जाऊ?"

अप्पा चिडले. चिडायलाही त्यांना दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. "मी काय तुझ्या दाराशी बांधलोय व्हय? परीक्षा दिलीस ती कामून? जा. वीरेश हाय. ही हाय," म्हणून त्यांनी मला हलवून दाखवलं.

सुधा गेली. आता आठवड्याच्या सुट्टीला येते. कलबुर्गीच्या स्टँडवर दिवसभर गाड्यांच्या वेळा सांगते, आणि रोज संध्याकाळी सहा वाजता फोन करते. अप्पा फोनवर फार बोलत नाहीत, दम लागतो. ती म्हणते, "वाजवा अप्पा." ते मला फोनजवळ धरून वाजवतात. स्टँडच्या गोंगाटात ती कान देऊन ऐकते. आवाजावरून तिला कळतं, आज श्वास कसा आहे. खोटं बोलायची सोय नाही. मीच ती खबर नेते, आणि हेच माझं सगळ्यांत मोठं ओझं झालंय. माझा मुलामा गेलाय, खाचा काळ्या पडल्यात, गोळी झिजलीय. उद्या आवाज बारीक आला तर तो अप्पांचा की माझा, तिला कसं कळावं?

तुम्ही कधी आमच्या भागातल्या गाडीत बसलात आणि दारात कुणी खाकीतली बाई माझ्यासारखीला ओठांत धरून उभी दिसली, तर पायरीवरून जरा आत सरका. तिला घाई करू नका. तिला बघून घेऊ द्या, मग दोन मारू द्या. एवढंच मागणं.

सहा वाजले. फोन वाजतोय. आज सकाळपासून अप्पांना खोकला आहे, वीरेश रानातून अजून आला नाही. अप्पांनी फोन उचलून स्पीकर लावला.

"वाजवा अप्पा."

त्यांनी मला तोंडात धरलं. एक क्षण काहीच आलं नाही. मग गोळी हलली, आणि आवाज निघाला. बारीक, मध्येच तुटलेला.

पलीकडं स्टँडचा गोंगाट. सुधानं फोन कानाशी दाबला असावा. मग म्हणाली, "आज कमी आलाय. जेवलात का न्हाई?"

"जेवलो. तुझ्या फोनचाच आवाज कमी हाय."

"फोनला काही झालं न्हाई. खोकला हाय का?"

अप्पांनी येणारा खोकला दाबला. मग हळूच, "व्हय. जरासा."

"ह्या खेपेला ताप न्हाई ना? वीरेश आल्यावर दवाखान्यात जावा. मी उद्या सकाळच्या गाडीनं यायलेय."

"रजा कामून घालवतीस?"

"यायलेय म्हणाले ना. आता परत एकदा वाजवा. नीट बसून."

अप्पांनी कुरकुरत उशी पाठीशी सरकवली, ताठ बसले, आणि मला पुन्हा ओठांत धरलं.